भिंतीवरचा छापा : स्टेन्सिल नेमकं काय असतं आणि कोल्हापूरच्या पेंटरांना देवनागरीचा 'प' का छळतो?

दिवाळीच्या तोंडावर कोल्हापुरात महाद्वार रोडला गेलात तर रांगोळीच्या ढिगांशेजारी प्लास्टिकचे छापे मांडलेले दिसतील. लक्ष्मीची पावलं, मोर, स्वस्तिक, कमळ. छापा जमिनीवर ठेवायचा, वरून रांगोळी पसरायची, हाताने सारखी करायची आणि छापा अलगद उचलायचा. ज्यांना ठिपक्यांची रांगोळी जमत नाही त्यांच्यासाठी हा जुगाड आहे, असं आजी लोकांचं मत असतं आणि ते अगदीच चुकीचं नाही.

हाच प्रकार रंग आणि ब्रश घेऊन भिंतीवर केला की त्याला स्टेन्सिल म्हणतात. सध्या इन्स्टाग्रामवर एका मिनिटात बेडरूमची भिंत बदलून टाकणारे रील्स फिरतात, त्यातली निम्मी करामत याच पत्र्याची असते. पण रील बघून घरी प्रयोग करणाऱ्या अनेकांच्या भिंतीवर नक्षीऐवजी ओघळ उतरतात. असं का होतं, हे समजायचं तर मुळात छापा काम कसं करतो ते बघावं लागेल.

ठसा वेगळा, छापा वेगळा

मराठीत आपण दोन्हीला छापाच म्हणतो, त्यामुळे गोंधळ होतो. लाकडी ठशाने कापड छापतात तेव्हा ठशाच्या उंच भागाला रंग लागतो आणि तो कापडावर उमटतो. हळदी-कुंकवाचा हात दारावर उमटवतात तोही ठसाच. स्टेन्सिलमध्ये उलटं असतं. पत्र्याला, कागदाला किंवा फिल्मला भोक पाडलेलं असतं आणि रंग त्या भोकातून पलीकडे जातो. जिथे भोक नाही तिथे भिंत कोरी राहते. म्हणजे इथे कारागिरी रंगवण्यात कमी आणि कापण्यात जास्त.

ही युक्ती माणसाला फार जुन्या काळापासून माहीत आहे. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या एका गुहेत भिंतीवर हात टेकवून त्याच्याभोवती लाल रंग फुंकलेला आहे. हात काढल्यावर मागे उरली ती हाताची कोरी आकृती. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ती किमान ३९,९०० वर्षं जुनी आहे. हातच तिथे स्टेन्सिल होता.

पुढे जपानने तुतीच्या सालीच्या कागदाला कच्च्या पर्सिमॉन फळाचा रस लावून तो टिकाऊ केला आणि त्यात इतकी बारीक नक्षी कापली की किमोनोचं कापड लांबून एकरंगी दिसावं. आपल्याकडे मथुरा-वृंदावनची सांझी याच जातीची. कागद कापून साचा करायचा आणि त्यातून रंगीत पूड टाकून मंदिरात कृष्णलीला उमटवायच्या. महाद्वार रोडवरचा रांगोळीचा छापा या सांझीचा प्लास्टिकमधला गरीब नातेवाईक म्हणायला हरकत नाही.

पेंटरांच्या गावात

कोल्हापूरला कलापूर म्हणतात. पण इथली खास गोष्ट अशी की इथे 'पेंटर' हा शब्द आडनावासारखा लावला गेला. बाबूराव पेंटर (१८९० ते १९५४) यांचं मूळ आडनाव मेस्त्री. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता ते आणि त्यांचे बंधू आनंदराव सिनेमाकडे वळले. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला. त्यांच्याच १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांपैकी एक मानलं जातं.

हे झाले मोठे लोक आणि त्यांचं काम मोकळ्या हाताचं. त्यांच्या सावलीत पेंटरांची आणखी एक जमात वाढली. तिची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत. दुकानाच्या पाट्या, तालमीच्या भिंती, ट्रकचे फाळके, गाड्यांच्या नंबरप्लेटा, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार आणि निवडणुकीतली चिन्हं ही सगळी कामं यांच्याकडे. यांच्यातही हाताने सरळ अक्षर ओढणाऱ्याला मान जास्त आणि छापा मारणाऱ्याला कमी. मात्र पन्नास गावांत पन्नास भिंतींवर तेच चिन्ह आठवड्यात रंगवायचं असेल तर मान बाजूला ठेवून छापाच काढावा लागतो.

छाप्याची खरी ताकद इथे दिसते. काम नवख्या पोराच्या हाती दिलं तरी पहिली आणि पन्नासावी आकृती सारखी येते. कुटुंब नियोजनाचा उलटा लाल त्रिकोण आठवा. साठच्या दशकाच्या अखेरीस तो आला आणि देशभरात दवाखान्यांवर, बसवर, गावच्या भिंतींवर पोहोचला. तीन सरळ रेषा आणि एक रंग. वाचता न येणाऱ्यालाही कळेल आणि कुठल्याही गावातला पेंटर न चुकता काढेल, असं चिन्ह निवडण्यातच त्याचं निम्मं यश होतं.

साखर कारखान्यांच्या पट्ट्यात छापा भिंतीवरून पोत्यावर उतरला. पोत्यावर कारखान्याचं नाव, हंगाम, वजन आणि 'एस-३०' किंवा 'एम-३०' अशी खूण असते. यातलं अक्षर साखरेच्या दाण्याचा आकार सांगतं आणि आकडा तिचा रंग. सुतळीच्या पोत्यावर ब्रशने लिहायला गेलं तर केस अडकतात, अक्षर फाटतं. तिथे पत्र्याचा छापा आणि जाड शाई हाच उपाय. रेल्वेच्या वाघिणी, लष्कराच्या पेट्या, विजेचे खांब यांच्यावरचे आकडेही याच कारणाने त्या तुटक तुटक अक्षरांत दिसतात.

ती अक्षरं तुटक का असतात? इथेच खरी गंमत आहे.

'प'चं पोट खाली पडतं

एका कागदावर इंग्रजी 'ओ' काढा आणि बाहेरच्या रेषेने कापा. मधला गोळाही कागदासकट निघून पडेल. भिंतीवर 'ओ' न येता भरीव टिक्का येईल. मधला गोळा जागेवर ठेवायचा तर त्याला बाहेरच्या कागदाशी जोडणाऱ्या एक-दोन पट्ट्या ठेवाव्या लागतात. त्या पट्ट्यांना पूल म्हणा किंवा जोड म्हणा. पेटीवरच्या अक्षरातली फट म्हणजे हा जोड.

इंग्रजीत ही अडचण ए, बी, डी, ओ अशा मोजक्या अक्षरांना येते. देवनागरीत मात्र शिरोरेखा आहे, आणि ती सगळं अवघड करून टाकते. 'प' बघा. नुसत्या प ला वरून तोंड उघडं आहे, पण शिरोरेखा ओढली की झाकण बसतं आणि प चं पोट बंद होतं. म चं तेच, य चं तेच. व, ब, क, च यांची पोटं तर शिरोरेखेशिवायही बंद असतात. ब मध्ये वर आडवी काडी असल्याने एकाच अक्षरात दोन तुकडे सुटतात. वेलांटीची कमान शिरोरेखेवर टेकली की तिच्या खालीही एक बंद खिडकी तयार होते. नुसत्या 'शिवाजी' या शब्दात दोन वेलांट्या आणि व धरून तीन तुकडे खाली पडतात.

उघड्या अक्षरांचीही सुटका नाही. ग, त, र, ल यांच्या काड्यांमधला कागद फक्त खालून जोडलेला असतो. तो जिभेसारखा लोंबतो, ब्रश लागला की उचलला जातो आणि त्याच्याखाली रंग शिरतो. भरीत भर म्हणून सलग शिरोरेखा म्हणजे फिल्ममध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत पाडलेली चीर. छापा हातात धरला की तिथेच दुमडतो.

भ, ध आणि थ मात्र या कामात सज्जन अक्षरं. त्यांच्या डोक्यावर शिरोरेखा आधीच तुटलेली असते.

यावर उपाय तीन. पहिला, प्रत्येक बंद पोटाला जोड ठेवायचा, शिरोरेखाही अक्षरागणिक तोडायची आणि तुटक अक्षर तसंच राहू द्यायचं. पोत्यावर आणि पेटीवर हे चालतं. दुसरा, तसाच छापा मारायचा आणि वाळल्यावर फटी बारीक ब्रशने भरून घ्यायच्या. तिसरा सगळ्यांत हुशार आहे : छाप्यात शिरोरेखा कापायचीच नाही. तसं केलं की प, म, य आणि वेलांट्या आपोआप उघडतात, चीरही पडत नाही. अक्षरं छापून झाली की दोन बाजूंना चिकटपट्टी लावून शिरोरेखा एका दमात ओढायची. तरी व, ब, क, च यांना जोड द्यावा लागतोच.

देवनागरी आकडेही याच वळणाचे. शून्याला जोड हवा, चाराच्या खालच्या गाठीला हवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार नंबरप्लेटवर इंग्रजी अक्षरं आणि आकडेच लागतात, तरी 'एमएच ०९' मराठीत लिहून घ्यायची हौस कोल्हापूरकरांनी बराच काळ भागवली. ४१४१ या इंग्रजी आकड्यांतून 'दादा' काढणं हा तर पेंटरच्या हातचा मळ. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी सक्तीची झाली. ती कारखान्यातून दाबून येते. पेंटरचा एक रोजचा धंदा त्या दिवशी संपला.

जाळीने प्रश्न सोडवला

सुटणारे तुकडे हवेत धरून ठेवायचे असतील तर? मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी १९०७ मध्ये रेशमी जाळीवर छापा धरण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. जाळीतून रंग जातो, पण छाप्याचा प्रत्येक तुकडा जाळीला चिकटलेला राहतो. जोड नको, फट नको. हेच आपलं स्क्रीन प्रिंटिंग. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, टी-शर्ट हा सगळा त्याचा पसारा. योगायोग असा की कोल्हापूर जिल्ह्यातल्या इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात.

मराठी माणसाच्या तोंडी 'स्टेन्सिल' हा शब्द मात्र भिंतीवरून नाही, तर कचेरीतून आला. मेणाचा थर दिलेल्या कागदावर टाइपरायटरने फीत न लावता टाइप करायचं, म्हणजे अक्षराच्या जागी मेण निघतं. तो कागद सायक्लोस्टाइलच्या रुळावर चढवला की शाई तिथून झिरपते. याला 'स्टेन्सिल कापणं' म्हणत. १९४२ च्या भूमिगत पत्रकांपासून आणीबाणीतल्या बुलेटिनांपर्यंत आणि शाळेच्या चाचणी परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांपर्यंत सगळं यावरच निघालं. भिंतीवरचा छापा आणि सायक्लोस्टाइल यांचं तत्त्व एकच आहे.

पोलिसांना चुकवून काम उरकण्याशी स्टेन्सिलचा संबंध तिकडेही आहे. पॅरिसमध्ये ब्लेक ल राट या कलाकाराने १९८१ पासून उंदरांचे छापे मारायला सुरुवात केली. नंतरच्या बँक्सीने सांगितलेली गोष्ट अशी, की पोलिस मागे लागले असताना तो एका ट्रकखाली लपला आणि तिथे गाडीवरचे छाप्याचे आकडे दिसल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. कापायचं काम घरी निवांत, भिंतीपुढे फक्त काही मिनिटं. आपल्याकडे हा प्रयोग करण्याआधी लक्षात असू द्या : महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधाचा १९९५ चा कायदा आहे. परवानगीशिवाय सार्वजनिक भिंत रंगवणं हा त्याखाली गुन्हा ठरतो, मग छापा कितीही सुंदर असो.

घरच्या भिंतीवर करायचं असेल तर

आधी भिंत. कोल्हापुरात हा मुद्दा जरा जास्तच महत्त्वाचा आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदी त्याच्या कितीतरी वर गेली आणि नदीकाठच्या वस्त्यांमधल्या भिंतींनी पोटभर पाणी प्यायलं. अशी भिंत वरून कोरडी दिसते, पण आतून सुकायला महिने लागतात. आतलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं, भिंतीला लोणा लागतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. अशा भिंतीवर नक्षी काढणं म्हणजे रंग, वेळ आणि मजुरी तिन्ही वाया. पूर न आलेल्या घरातही पावसाळ्यात हे काम काढू नये. दसऱ्याच्या आसपासचं कोरडं ऊन पडेपर्यंत थांबावं.

तपासायची सोपी पद्धत आहे. भिंतीवर तळहात घासा. हाताला पांढरं लागलं तर ती चुन्याची किंवा साध्या डिस्टेंपरची भिंत आहे आणि वरचा रंग त्या पिठाला चिकटेल, भिंतीला नाही. ती आधी खरवडून प्रायमर मारावा लागेल. मग हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी पट्टी लावून भिंतीवर चिकटवा आणि एक-दोन दिवस ठेवा. आतून दव धरलं तर भिंत अजून ओली आहे.

छापा कशाचा करायचा? पुठ्ठा चार वेळा वापरला की मऊ पडतो. पत्रा टिकतो, पण कापायला कष्ट. पेंटरांचा आवडता माल म्हणजे जुन्या एक्स-रेची फिल्म. ती पॉलिस्टरची असते, जाडी साधारण ०.१८ मिलिमीटर. वळते पण मोडत नाही, ब्लेडने स्वच्छ कापली जाते, रॉकेलने पुसली तरी तिला काही होत नाही. जुन्या घरांत फायलीत जपून ठेवलेले एक्स-रे पेंटरच्या हाती लागले की कुणाच्या तरी बरगड्यांमधून वेलबुट्टी निघायची. आता एक्स-रे संगणकावर येतात, त्यामुळे हा फुकटचा माल आटला. प्रोजेक्टरसाठीची पारदर्शक शीट किंवा स्टेशनरीच्या दुकानातली जाड प्लास्टिक शीट त्याची जागा घेऊ शकते. एशियन पेंट्ससारख्या कंपन्यांचे तयार छापेही मिळतात. नक्षीसाठी ते उत्तम, पण मराठी मजकूर हवा असेल तर कापण्यावाचून गत्यंतर नाही.

आता ओघळांचं बघू. नव्याण्णव टक्के बिघाड एकाच गोष्टीने होतो, ती म्हणजे जास्त रंग. भिंतीला देतो तसा पाणी घातलेला रंग छाप्याला चालत नाही. तो डब्यातला जसा आहे तसा घट्ट वापरायचा. आखूड, ताठ केसांचा गोल ब्रश किंवा स्पंज रंगाला जेमतेम टेकवायचा आणि लगेच वर्तमानपत्रावर झटकून थोपटायचा. कागदावर जवळपास काही उमटेनासं झालं की ब्रश तयार. मग भिंतीवर सरळ उभा धरून थोपटत जायचं. ब्रश ओढला की केस कडेखाली शिरतात आणि त्यांच्याबरोबर रंगही. पहिला हात फिका दिसेल, दिसू द्या. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा नेहमी चांगले. चार-पाच वेळा छापून झालं की छाप्याची मागची बाजू पुसायलाच हवी, नाहीतर मागचा डाग पुढच्या नक्षीवर उमटतो.

पट्टी किंवा बॉर्डर असेल तर आधी सूत मारून घ्या. निळीत किंवा गेरूत बुडवलेली दोरी दोन टोकांना ताणून मधून सोडली की भिंतीवर सरळ रेघ उमटते. छताला समांतर रेघ मारायचा मोह टाळा, कारण जुन्या घरांची छतं क्वचितच सपाट असतात. पातळी आणि ओळंबा यांच्यावर विश्वास ठेवा. नक्षीची सुरुवात दारातून शिरल्यावर समोर दिसणाऱ्या भिंतीच्या मध्यापासून करा आणि दोन्हीकडे सरकत जा. म्हणजे शेवटी अर्धवट तुटणारं फूल कपाटामागच्या कोपऱ्यात जातं. छाप्यातच दोन छोटी भोकं ठेवली आणि पेन्सिलने त्यांच्या खुणा केल्या तर पुढचा छापा नेमका जागेवर बसतो.

कापायचं काम जमत नसेल तर गाड्यांचे स्टिकर कापणाऱ्या रेडियमवाल्याकडे जा. फ्लेक्सने पाटीचं काम नेल्यावर कितीतरी पेंटर याच धंद्यात शिरले. त्यांच्याकडचं यंत्र संगणकावरून चिकट विनाइल हवं तसं कापतं. अक्षरं काढून टाकून उरलेला भाग भिंतीवर चिकटवला की तोच छापा. हा एकदाच वापरता येतो, पण कडेखाली रंग शिरत नाही. शिवाय वरून चिकट कागद लावून सगळे तुकडे एकदम उचलता येतात, त्यामुळे 'प'चं पोट आणि 'ब'ची दोन्ही पोटं आपापल्या जागी जाऊन बसतात. जोडाची गरज उरत नाही. फक्त विनाइल काढायचं ते रंग पूर्ण वाळण्याआधी, तिरकं आणि सावकाश. उशीर झाला तर स्टिकरबरोबर अक्षराची कडही निघून येते.